राजहंसगडाचा चढ आणि गिअरचं गणित

भावा, बेळगावजवळच्या येळ्ळूरकडनं राजहंसगडला सायकलनं पहिल्यांदाच निघालायस तर एक नीट ऐक, गिअर काय ताकद वाढवून देत नाही, जोर कमी लावायचा असेल तर पाय जास्त वेळा फिरवायचे, एवढाच सौदा हाय.

हिशोब बघ की. पुढं 44 दात्यांचं चक्र, मागं 14 चं, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक तीनपेक्षा जरा जास्त वेळा फिरतंय, चाकाचा घेर 2.1 मीटर धरला तर साडेसहा मीटर पुढं. तेच पुढं 28 आणि मागं पण 28 टाकलास की एका फेऱ्यात फक्त 2.1 मीटर. तेवढाच चढ, फेरे तिप्पट, पण पायावरचा जोर साधारण तिसरा हिस्सा, आणि गुडघे वाचतात ते हितंच! काम काय कमी होत नाही, उलट चेनच्या घर्षणात थोडं वाया जातंयच, म्हणून चेन पुसून तेल घालूनच ये.

हलका गिअर चढ लागायच्या आधीच टाक, ताण असताना बदललास तर चेन घसरते. लाज वाटून घेऊ नको, हलक्या गिअरवर चढणाराच शेवटपर्यंत जातोय.

चोर्ला घाटातल्या वळणांचं पण हेच, उंची तेवढीच ठेवून रस्ता लांबवलाय म्हणून चढ सोसतोय. उतरताना जड गिअर टाक, नाहीतर पाय नुसते भिरभिरतात, आणि ब्रेक आधी तपासून घे.