पाण्यात तो, काठावर मी

प्रश्न: आम्ही मूळचे पुण्याचे, सध्या नेदरलँड्समध्ये आम्सटलवेनला राहतो. मुलगा सात वर्षांचा. नवऱ्याला गेल्या उन्हाळ्यापासून विंडसर्फिंगचं वेड लागलंय, मला फोटोग्राफीची आवड कॉलेजपासून. 'दोघांनाही छंद, तेही एकाच ठिकाणी, नशीबवान आहात!' असं सगळे म्हणतात. प्रत्यक्षात तो तीन तास पाण्यात आणि मी काठावर त्याचं जॅकेट, गाडीची किल्ली आणि मुलाचा डबा सांभाळत त्याचेच फोटो काढत उभी. घरी आल्यावर ते बघून तो म्हणतो, 'यात शीड कापलंय.' आता त्याला स्वतःचं सामान घ्यायचंय, मला नवी लेन्स. जुलैमध्ये सासूबाई येणार आहेत. त्यांच्या मते आम्ही पोराला वाऱ्यावर सोडलंय. काय करावं?

उत्तर: ताई, सध्या तुम्ही जे करताय त्याला मी तुमचा छंद म्हणणार नाही. ती नवऱ्याच्या छंदाची बिनपगारी नोकरी आहे, आणि वर साहेब कामात चुकाही काढतात.

यात त्यांचा दुष्टपणा आहे असं मात्र मला वाटत नाही. विंडसर्फिंग करणाऱ्या घरात एक गोष्ट हळूहळू होते. वारा आपल्या सोयीने येत नाही, म्हणून तो आला की बाकी सगळं बाजूला पडतं. गुरुवारपासून विंडगुरू ही वाऱ्याचा अंदाज सांगणारी वेबसाइट उघडून बसायचं, शनिवारी चार-पाच बोफोर्ट (वाऱ्याच्या जोराचं माप) दिसले की मंडळाचा कार्यक्रम, भाजी आणणं, मुलाच्या मित्राचा वाढदिवस, सगळं पुढे ढकलायचं. पण प्रकाश तरी कुणासाठी थांबतो? ऑक्टोबरमधल्या सकाळी कालव्यावर साचलेलं धुकं नऊ वाजता गेलं की गेलं. फरक एवढाच की तुमच्या घरात वारा म्हणजे तातडीचं काम आणि प्रकाश म्हणजे 'बघू, पुढच्या रविवारी.' धुक्याची सकाळही शुक्रवारी रात्रीच जाहीर करा. त्या दिवशी मुलाची आंघोळ, नाश्ता आणि पोहण्याचा क्लास बाबाकडे, मग वारा कितीही सुटो.

किनाऱ्यावर एकत्र गेलात तर पहिली पंधरा मिनिटं त्याचे फोटो. शटर एक हजारांश सेकंद किंवा त्याहून जलद, फोकस सतत मागोवा घेणाऱ्या मोडवर, की झालं. मग कॅमेरा तुमचा. मुलाची पाळीही घड्याळ लावून वाटून घ्या, तासाभराने नवऱ्याने बाहेर यायचं. तक्रार आलीच तर त्यांना भूगोल सांगा: झांडफोर्टचा समुद्रकिनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी ऊन तुमच्या पाठीमागून येतं आणि शिडाचे रंग खुलतात. संध्याकाळी सूर्य समोर असतो, तेव्हा शीड काळंच येणार. रंगीत फोटो हवा असेल तर साहेबांनी लवकर उठावं.

खाऱ्या हवेत वाळू उडत असताना लेन्स बदलू नका. एकच ७०-३०० ची झूम लेन्स चढवून जा आणि घरी आल्यावर गोड्या पाण्यात पिळलेल्या मऊ फडक्याने बाहेरून पुसा. तुमच्यापासून अर्ध्या तासावरचं मौडरबर्ग हे तळ्याकाठचं गाव त्या मानाने सोयीचं. १९३२ मध्ये आफस्लौटडाइक हा बांध घालून समुद्र अडवला, तेव्हापासून आतलं पाणी हळूहळू गोडं झालं, त्यामुळे कॅमेऱ्याला मीठ लागत नाही. पाणी उथळ, भरती-ओहोटी नाही, म्हणून शिकायलाही बरं. जवळच मौडनचा जुना किल्ला आणि बोटींचं बंदर आहे. नवरा नि मुलगा काठावर खेळत असताना तुम्ही तिकडे एकट्या जा. मुद्दाम एकट्या म्हणतेय.

तुम्हीही एकदा बोर्डवर उभं राहून बघा. आवडलं पाहिजे असं नाही, पण त्याला काय चढलंय ते कळेल. शिकणाऱ्याला दोनशे लिटरच्या आसपास आकारमानाचं रुंद बोर्ड आणि लहान शीड देतात, वारा दोन-तीन बोफोर्ट असला की पुरे. पाण्यात आडवं पडलेलं शीड दोरीने ओढून वर घ्यायचं असतं. त्यावर पाणी साचलेलं असतं, ते काही केल्या हलत नाही. आपण जीव खाऊन ओढतो, पाणी एकदम निथळतं, शीड हलकं होतं आणि आपण पाठीवर धपकन पाण्यात. गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा, अंगाचं वजन मागे टाकून सावकाश ओढा. हातांच्या ताकदीने ओढलंत तर दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटता येणार नाहीत. (तो दिवस साहेबांच्या पोळ्यांचा. तोटा नाही.)

सुरक्षिततेबद्दल काठावरच्या माणसाला पाण्यातल्या माणसाइतकीच माहिती हवी. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो ते इथे कामाला येतं. पाण्याकडून जमिनीकडे येणारा वारा निदान काठावर आणून टाकतो. जमिनीकडून पाण्याकडे जाणारा वारा काठाशी शांत भासतो आणि आत गेल्यावर नवशिक्याला दूर घेऊन जातो. उत्तर समुद्रावर पूर्वेचा वारा असला की नवशिक्याने पाण्यात उतरायचंच नाही. थकवा आला, काही मोडलं, तरी बोर्ड सोडून पोहत यायचं नाही. बोर्ड तरंगतं आणि लांबून दिसतं. बाहेर येण्याची वेळ आधी ठरवा. ती टळली आणि माणूस दिसत नसेल तर संकोच न करता ११२ फिरवा. १८२४ पासून चालत आलेली केएनआरएम ही स्वयंसेवकांची संस्था संकटातल्या माणसाला वाचवायचे पैसे घेत नाही, त्यामुळे 'उगाच बिल येईल' ही भीती नको. पुण्याच्या तलावात पन्नास फेऱ्या मारणाऱ्यालाही एप्रिलमधलं इथलं पाणी धाप लावतं. जाड वेटसूट आणि बूट लागतातच. मुलाची ए, बी, सी तिन्ही पोहण्याची प्रमाणपत्रं होईपर्यंत त्याला बोर्डवर घेऊ नका, आणि त्यानंतरही लाइफ जॅकेट घालूनच.

पैशांचं सरळ आहे. दोघांना वर्षाला सारखी रक्कम, तिचा हिशेब एकमेकांना द्यायचा नाही. त्यातून त्याचं बोर्ड, त्यातूनच तुमची लेन्स. एक उन्हाळा भाड्यावर काढू द्या, कारण हे सामान एकट्याने घरात येत नाही. मोठं शीड घेतलं की लांब मास्ट (शिडाची उभी काठी) लागतो, मग बूम (हाताने धरायचा आडवा दांडा), मग गाडीच्या टपावरचं कॅरियर. सगळं नवं घेतलं तर दोन-तीन हजार युरो सहज जातात. मार्क्टप्लाट्स या जुन्या वस्तूंच्या वेबसाइटवर जुना संच काहीशे युरोंत मिळतो. घेताना शिडाचा पारदर्शक भाग उजेडाकडे धरून बघा. पिवळट आणि तडे गेलेला असेल तर तो उन्हाने खाल्लाय, परत द्या. जुनी लेन्सही अशीच उजेडात धरून बघायची, आत बुरशीचे धागे दिसतात.

राहिल्या सासूबाई. त्यांचा राग निम्मा फोनचा असावा असा माझा अंदाज. उन्हाळ्यात दहा वाजेपर्यंत उजेड असतो, तुम्ही ऑफिसमधून थेट पाण्यावर जाता आणि आठ वाजता फोन करता तेव्हा पुण्यात साडेअकरा वाजलेले असतात. रोजचा फोन सकाळी मुलाच्या शाळेआधी करून बघा, तेव्हा त्यांचं जेवण व्हायचं असतं आणि नातवाशी बोलायला वेळही असतो. इथे आल्यावर त्यांना मौडरबर्गला न्या. जुलै असला तरी स्वेटर, कानटोपी आणि घडीची खुर्ची बरोबर ठेवा. पलीकडे आल्मेरं आहे. तिथल्या किरण बाडलूने टोकियो ऑलिंपिकमध्ये याच खेळात सुवर्णपदक मिळवलं, हे त्यांना सांगा. नाव ऐकून त्या खुर्ची जरा पुढे सरकवतील. पण नातवाला सांभाळायला म्हणून त्यांना आणू नका. नाहीतर तुमची नोकरी त्यांच्या गळ्यात पडेल.

त्यांना शिवणकामाची आवड असेल तर सर्फ शाळेत फाटकी शिडं विचारा. टाकून द्यायचीच असतात, बरेचदा फुकट मिळतात आणि त्यांच्या बाजारहाटाच्या पिशव्या झकास होतात. कापडी भाग घरच्या मशीनवर जाड सुईने शिवता येतो. पारदर्शक भागावर मात्र टाका लांब ठेवायला सांगा. बारीक टाके घातले की तो छिद्रांच्या रेषेवर सरळ फाटतो.