अकरा पानी रिपोर्ट

चि. मॅनेजरसाहेबांस,
अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचा स्टुडंट मॅनेजर म्हणून टॉवेलच्या घड्या घालायचा तुला कंटाळा आलाय, हे वाचलं. घाल मुकाट्यानं. फ्रँक व्होगेलही केंटकी विद्यापीठात स्टुडंट मॅनेजरच होता, आणि २०२० साली लेकर्स एनबीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचं, विजेतेपद जिंकले तेव्हा त्यांचा मुख्य कोच तोच होता. पुढे मायामी हीट संघाचा मुख्य कोच झालेल्या एरिक स्पोल्स्ट्राची तिथली सुरुवात व्हिडिओ रूममधलीच. टॉवेलपुराण संपलं. आता तुझ्या रिपोर्टविषयी.

समोरच्या संघावर अकरा पानं लिहिलीस. अक्कल आणि मेहनत दोन्ही दिसतात. पण एनबीएच्या संघाकडे इंटर्नशिपचा अर्ज करताना हा नमुना जोडणार असशील तर थांब. हा अस्सल कॉलेजी रिपोर्ट आहे. एनबीएतल्या माझ्या पहिल्या वर्षी मी असाच चौदा पानी लिहून लॉकररूममध्ये वाटला होता. एका खेळाडूनं तो कॉफीच्या कपाखाली ठेवला, आणि असिस्टंट कोच मला बाजूला घेऊन म्हणाला, "उद्या मॅच, रात्री विमान, परवा परत मॅच. मला तीन वाक्यं दे." तेव्हा अपमान वाटला होता. नंतर कळलं, माणूस फक्त वेळापत्रक वाचून दाखवत होता.

तुमच्याकडे मोसमात तीसेक सामने, मधे तीन-तीन दिवस सराव. कोच पोरांना घोटून घोटून एक पद्धत शिकवतो, म्हणून तू समोरच्या संघाच्या सतरा चाली काढून दाखवल्यास ते तिथे योग्यच आहे. इकडे एनबीएत सहा महिन्यांत ८२ सामने. सरावाला दिवसच उरत नाही. इथे चालीपेक्षा माणूस वाचावा लागतो: हा डावीकडे गेला की शेवटी काय करतो, दमल्यावर कोणाला सोडून देतो.

घड्याळही तुझ्या विरोधात आहे. कॉलेजात शॉट क्लॉक, म्हणजे चेंडू हाती आल्यावर शॉट घेण्याची मुदत, ३० सेकंदांचा, चेंडू अर्ध्या मैदानापार न्यायला १० सेकंद. एनबीएत २४ आणि ८. सहाच सेकंद कमी, असं तू म्हणशील. पण तू पाठवलेली चौथी क्लिप पुन्हा लाव. चेंडू उजवीकडे, मग वर, मग डावीकडे, मग परत वर, आणि घड्याळात नऊ उरले असताना खरी चाल सुरू होते. तेवढाच वेळ इकडे खर्च केलास तर हातात तीन उरतील. म्हणून इथे पहिलाच स्क्रीन (सोबत्यासाठी बचावपटूची वाट अडवणं) खरा असतो, आणि तो फसला तर एका माणसाला स्वतःच्या हिमतीवर शॉट काढावा लागतो. तो कोण, हे तुझ्या अकरा पानांत कुठेच नाही.

हे २४ आले कुठून, ठाऊक आहे? १९५४ मध्ये सिराक्यूजच्या संघाचा मालक डॅनी बियासोन यानं गणित मांडलं: ४८ मिनिटांचे २८८० सेकंद, चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० शॉट, भागाकार २४. गडी बोलिंग ॲलीचा मालक होता. गंमत म्हणजे त्याच गावच्या विद्यापीठाचा कोच जिम बोहाइम यानं पुढे वर्षानुवर्षं २-३ झोन (माणसाऐवजी जागा राखायची, दोघं पुढे, तिघं मागे) लावून समोरच्यांना घड्याळाकडे बघायला लावलं. तो झोन जसाच्या तसा इकडे चालत नाही. एनबीएत २००१ पर्यंत झोनवर बंदीच होती. ती उठवताना नियम आला, की कोणाला चिकटून नसलेला बचावपटू बास्केटसमोरच्या रंगीत पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबला तर एक फ्री थ्रो आणि चेंडू समोरच्याला. वर तो पट्टाही कॉलेजात १२ फूट रुंद, इकडे १६. तुझा तो उंच सेंटर बास्केटखाली तंबू ठोकून बसतो आणि तू त्याला 'उत्तम रक्षक' लिहितोस. तंबू उखडल्यावर तो बाहेर, मोकळ्या जागेत, छोट्या गार्डसमोर कसा हलतो? तशा क्लिपा शोध.

शूटरबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तिथे तू साफ फसला आहेस. तीन गुणांची रेषा, जिच्या बाहेरून टाकलेल्या शॉटला तीन गुण, ती तुमच्याकडे बास्केटपासून २२ फूट पावणेदोन इंचांवर, इकडे २३ फूट ९ इंचांवर. दीड फुटाहून जास्त फरक. पण हा फरक वरच्या कमानीचा. कोपऱ्यात दोन्ही रेषा आत येतात, एनबीएची २२ फुटांवर, तुमची त्याहून थोडी आत, आणि तिथे फरक जेमतेम चार इंच उरतो. म्हणजे कोपऱ्यातून टाकणारा पोरगा इकडेही टाकेल, फक्त रेषा आणि हद्द यांच्यातल्या तीन फुटांत त्याचे थोराड बूट मावले पाहिजेत. वरून टाकणाऱ्याची मात्र परीक्षा वेगळी. तू दोघांची टक्केवारी एका खिचडीत शिजवली आहेस.

बाद फेरीचं थोडक्यात. तुमच्याकडे ६८ संघ आणि एक पराभव म्हणजे घरी. २०१८ मध्ये अग्रमानांकित व्हर्जिनिया विद्यापीठाचा संघ मध्यंतराला २१-२१ बरोबरीत होता आणि सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसी विद्यापीठाकडून ७४-५४ हरला. एका रात्रीत असं होतं. इकडे सातांतले चार जिंकायचे असतात. पहिल्या सामन्यात चाललेली युक्ती तिसऱ्यात समोरच्याला पाठ असते, आणि तो प्रत्येक वेळी तुमच्या सगळ्यात कच्च्या बचावपटूलाच स्क्रीनमध्ये ओढतो.

म्हणूनच नायकांच्या मागे लागू नकोस. २०१६ च्या कॉलेज स्पर्धेच्या अंतिम सामन्यात विलानोव्हा विद्यापीठासाठी शेवटच्या क्षणी तो तीन गुणांचा शॉट घातला क्रिस जेनकिन्सनं. एनबीएत तो एकही सामना खेळला नाही. त्याच संघात पहिल्या वर्षाचा जेलन ब्रन्सन होता, तो २०१८ च्या ड्राफ्टमध्ये (एनबीए संघांच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत) ३३ वा निवडला गेला आणि पुढे न्यूयॉर्क निक्सचा कर्णधार झाला. त्या रात्री कोणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं. मलाही नाही.

तर रिपोर्ट परत कर. सेंटरवर तीन वाक्यं, गार्डवर तीन. त्या शूटरचे कोपऱ्यातले आणि वरचे शॉट वेगळे मोज, आणि वरचे मोजताना टाच रेषेपासून किती मागे आहे ते दर वेळी थांबवून बघ. काही शॉट तो आत्ताच एनबीएच्या अंतरावरून घेत असेल. त्यांची वेगळी यादी कर. रविवार रात्रीपर्यंत पाठव, सोमवारी पहाटे माझं विमान आहे.

तुझा,
काका