ग्राफविषयी प्रश्नोत्तरे: ऋण वजने आणि एक चुकीचा उपाय

बहुतेक पत्रांत तोच गोंधळ पुन्हा दिसतो, म्हणून निवडक प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

प्रश्न : ग्राफ म्हणजे क्ष-य अक्षांवरचा आलेखच ना?

नाही, येथे ग्राफ म्हणजे नोड (बिंदू) आणि त्यांना जोडणाऱ्या एज (रेषा). कल्याण स्थानक हा नोड, तर तेथून कसारा आणि कर्जतकडे फुटणारे मार्ग या एज.

प्रश्न : 10,000 चौकांचा ग्राफ मॅट्रिक्समध्ये ठेवावा का?

लिस्टमध्ये, म्हणजे प्रत्येक नोडपुढे फक्त त्याच्या शेजाऱ्यांची यादी लिहून ठेवा. मॅट्रिक्समध्ये नोडच्या प्रत्येक जोडीसाठी एक घर असते, म्हणून 10 कोटी घरे लागतील. प्रत्येक चौकातून चार रस्ते निघत असतील, तर लिस्टला 40,000 नोंदी पुरतात.

प्रश्न : बीएफएसने (आधी सर्व शेजारी, मग त्यांचे शेजारी असा शोध) सर्वांत जवळचा मार्ग मिळतो ना?

सर्व एजचे वजन, म्हणजे त्यावरून जाण्याचे अंतर किंवा खर्च, सारखे असेल तरच. बीएफएस एज मोजतो, किलोमीटर नव्हे.

प्रश्न : घाट उतरताना विजेच्या गाडीची बॅटरी भरते, म्हणून माझ्या ग्राफमध्ये काही वजने ऋण आहेत. सर्व एजमध्ये एकच संख्या मिळवून डायक्स्ट्राची (सर्वांत स्वस्त मार्ग शोधण्याची) पद्धत वापरावी, असे मित्र म्हणतो. चालेल का?

चालणार नाही, आणि हा ऐकीव उपाय मला फार अस्वस्थ करतो, कारण प्रोग्राम कोठेही न अडखळता चुकीचे उत्तर देतो. अ ते ब वजन 2, अ ते क 3 आणि क ते ब उणे 2 धरा. खरा स्वस्त मार्ग क वरून जातो, खर्च 1. आता सर्वांत 2 मिळवा: थेट मार्ग 4 होतो, क वरचा 5. ज्या मार्गात एज जास्त, त्यावर भार जास्त पडतो, म्हणून निवडच बदलते. डायक्स्ट्रा यांनी 1959 साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीचा पायाच असा आहे, की एकदा निश्चित झालेला नोड पुढे कधीही अधिक स्वस्त होणार नाही. ऋण वजन तो पायाच काढून घेते. येथे ऋण वजने चालणारी बेलमन-फोर्ड पद्धत वापरा; ती प्रत्येक फेरीत सर्व एज पुन्हा तपासते. नोडच्या संख्येपेक्षा एक कमी इतक्या फेऱ्यांनंतरही एखादे अंतर घटत राहिले, तर ऋण चक्र, म्हणजे वजनांची बेरीज ऋण असलेला बंद फेरा, आहे असे समजा. उताराच्या खऱ्या नोंदींत तसे चक्र निघाले, तर पद्धत बदलण्याआधी नोंदी मार्गदर्शकांना दाखवा, कारण फेरी मारून गाडीला फुकट वीज मिळत नाही.

प्रश्न : ‘सात दिवसांत सर्व ग्राफ’ हा कोर्स आज रात्रीच्या सवलतीत घ्यावा का?

रात्रीची मुदत विकणाऱ्याच्या सोयीची असते. आधी पाच नोडांचा ग्राफ कागदावर काढून बीएफएस आणि डीएफएस (एकाच वाटेने शेवटपर्यंत जाऊन मग मागे फिरणारा शोध) हाताने चालवा, आणि तो कागद घेऊन आपल्या प्राध्यापकांना भेटा. हे काम परीक्षेच्या आठवड्यावर ढकलू नका.

प्रश्न : पायथॉनमधील माझा डीएफएस मोठ्या ग्राफवर बंद पडतो.

रिकर्शनची, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावण्याची, मर्यादा मुळात 1000 असते. स्वतःचा स्टॅक (शेवटी ठेवलेले आधी काढायची यादी) वापरून लिहा.