मदतनिधीला दिलं, मग दारातल्या माणसाचं काय?

प्रश्न : मी दर महिन्याला न चुकता दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, आमच्या ख्रिस्ती मंडळीला (चर्चला) देतो. त्यातला काही भाग मंडळीच्या मदतनिधीत जातो. तरीही मंडळीतले एक गृहस्थ अधूनमधून माझ्याकडे पैसे मागायला येतात. त्यांची नोकरी गेली आहे. मागच्या खेपेला मी त्यांना निधीकडे अर्ज करायला सांगितलं. ‘काम न करणाऱ्याने खाऊ नये’ असं बायबलमध्ये प्रेषित पौलानेच म्हटलंय ना? मग माझं मन मला का खातंय?

उत्तर : आधी पौलाचं वाक्य नीट वाचू. थेस्सलनीकाकरांस त्याच्या दुसऱ्या पत्रात (३:१०) ज्याला काम करायची इच्छाच नाही, त्याच्याबद्दल लिहिलं आहे. काम गेलेला माणूस वेगळा. आणि तीनच वचनांनंतर पौल सांगतो की, बरं करताना खचू नका. हे तेरावं वचन दार लावताना कुणी म्हटलेलं मी अजून ऐकलं नाही!

निधी हवाच. १६१७ साली फ्रान्समधल्या शातियाँ गावात व्हिन्सेंट द पॉल या धर्मगुरूंनी एका आजारी कुटुंबासाठी प्रवचनातून मदत मागितली. लोक इतकं घेऊन धावले की, आज उतू जाईल आणि उद्या काहीच उरणार नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. म्हणून त्यांनी तिथल्या स्त्रियांचा गट करून पाळ्या लावल्या. माणुसकी होती, घडी बसवायची होती.

पण निधीची वही मी स्वतः अकरा वर्षं सांभाळली आहे, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. एका विधवा बाईंचा अर्ज दोन कागद कमी म्हणून मी परत केला. नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. त्या पुन्हा आल्या नाहीत. त्यांच्या मुलाची शाळा सुटल्याचं बऱ्याच महिन्यांनी कानावर आलं. मी सोबत गेलो असतो, तर ते कागद अर्ध्या दिवसात मिळाले असते. त्या वर्षीचा हिशेब मात्र पैशापर्यंत जुळला होता.

येशूने सांगितलेल्या चांगल्या शमरोन्याच्या गोष्टीत शमरोनचा एक परका वाटसरू रस्त्यात जखमी पडलेल्या माणसाला मदत करतो. ती गोष्ट आपण जखमा बांधण्यापाशीच थांबवतो. पुढे त्याने त्या माणसाला उतारशाळेत नेलं, दुसऱ्या दिवशी मालकाला दोन दिनार दिले आणि स्वतः आपल्या वाटेला लागला. म्हणजे रोजची शुश्रूषा त्याने दुसऱ्यावर सोपवली, आपला प्रवासही सोडला नाही. पण जाताना म्हणाला, जास्त खर्च झाला तर परत येताना मी देईन. तुम्ही त्या गृहस्थांना उतारशाळेचा पत्ता दिलात. ‘परत येताना’ तेवढं राहिलं. मन खातंय ते त्यामुळेच असावं.

सगळा भार तुम्ही उचलावा असं मी म्हणत नाही. पौलाच्याच गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात ‘एकमेकांची ओझी वाहा’ आहे आणि ‘प्रत्येकाने आपला भार वाहावा’ हेही आहे. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे शब्द निराळे आहेत. मी ते असे वाचतो : पहिलं एकट्याला न पेलणारं, दुसरं ज्याचं त्याने न्यायचं. तुमच्या गृहस्थांचं कोणतं, हे अर्जावरून कळणार नाही. या रविवारी भक्तीनंतर त्यांच्याजवळ बसा. कर्ज किती, घरात आजारपण आहे का, कुठे कुठे काम मागितलं, ते विचारा. अर्ज त्यांच्यासोबत बसून भरा. पैसे द्यायचे की नाही ते त्यानंतर ठरवा. नाही म्हणावं लागलं तर तोंडावर म्हणा. आणि पुढच्या महिन्यात त्यांची वाट न बघता तुम्हीच त्यांच्या घरी जा.