‘लॅपटॉप स्लो आहे’ एवढ्यावर केस उभी राहत नाही

प्रश्न : मुलाच्या कॉलेजसाठी दिवाळीच्या सेलमध्ये ऑनलाइन २४,९९० रुपयांचा नवा लॅपटॉप घेतला. पहिल्या दिवसापासून प्रचंड स्लो आहे. सुरू व्हायला चार-पाच मिनिटं लागतात, ब्राउझरचे तीन टॅब उघडले की हँग होतो. कस्टमर केअरला कितीतरी फोन केले. सर्व्हिस सेंटरने ‘हार्डवेअर ओके’ म्हणून परत दिला. साइट म्हणते, सात दिवसांची मुदत संपली. आता सात महिने झाले. भाच्याने विंडोज नव्याने टाकून पाहिलं, फरक नाही. जाहिरातीत ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी लिहिलं होतं, पण मुलगा म्हणतो की सी ड्राइव्ह ५८ जीबीचाच दिसतो. खोकं भंगारात गेलं. पैसे परत मिळतील का?
— एक वाचक, कराड

उत्तर : तुमच्या पत्रातलं कामाचं वाक्य एकच आहे, सी ड्राइव्हचं. तेच तुम्ही जाता जाता लिहिलंय आणि सात महिन्यांत एकाही तक्रारीत घातलेलं दिसत नाही. नवा स्वस्त लॅपटॉप रखडतो म्हणून पैसे परत हवेत, अशी पत्रं सतत येतात. त्यातल्या बहुतेकांना नाही म्हणावं लागतं. तुमचं तसं नसावं, असं वाटतं.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधलं कलम २(१०) वाचा. ‘दोष’ म्हणजे वस्तूच्या दर्जात, प्रमाणात, क्षमतेत किंवा मानकात असलेली उणीव. ही उणीव कशाच्या तुलनेत मोजायची, तेही तिथेच सांगितलंय : कायद्याने ठरवलेलं, करारात ठरलेलं, किंवा विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्यानुसार जे असायला हवं ते. तुमचं सगळं प्रकरण या शेवटच्या तुकड्यावर उभं आहे.

‘स्लो’ या शब्दाला असं कुठलंच माप नाही. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने सांगितलेली किमान गरज ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज एवढीच आहे. त्या यंत्रावर विंडोज चालतं, पण रखडत चालतं. कंपनीचा वकील तेवढं दाखवून मोकळा होतो. जाहिरातीतलं ‘सुपरफास्ट’ हे विशेषण ग्राहक आयोगासमोर सहसा टिकत नाही. ‘२५६ जीबी एसएसडी’ (माहिती साठवायची डिस्क) मात्र टिकतं, कारण ते मोजता येतं.

दुसरं कारण जास्त व्यवहाराचं आहे. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर कलम ३८ नुसार वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवावी लागते आणि तिची फी आधी तक्रारदाराने भरायची असते. अहवालाला कायद्याने ४५ दिवस दिलेत, पण तो तेवढ्यात येईलच, या भरवशावर राहू नका. ‘स्लो’ची तक्रार या वाटेने जाते आणि वर्षानुवर्षं अडकते. ‘२५६ सांगितलं, ६४ दिलं’ (५८ दिसणारी डिस्क बहुधा ६४ ची असते) ही तक्रार कागद आणि एक व्हिडिओ यांवर सिद्ध होऊ शकते.

म्हणून आधी खात्री करा, आजच. सी ड्राइव्ह ५८ दिसतो म्हणजे अख्खी डिस्क तेवढीच, असं नाही. एकाच डिस्कचे सी आणि डी असे भाग केलेले असू शकतात. स्टार्ट बटणावर राइट-क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा आणि ‘डिस्क ०’ पुढचा आकडा बघा. २५६ जीबीची डिस्क तिथे सुमारे २३८ जीबी दिसते. कंपनी आणि विंडोज वेगळ्या पद्धतीने मोजतात, एवढाच तो फरक. त्यात फसवणूक नाही, आणि त्यावर नोटीस पाठवू नका. आकडा ५८-५९ च्या आसपास असेल, तर आत ६४ जीबीचं स्टोरेज आहे. ते बहुधा ईएमएमसी असणार, म्हणजे मदरबोर्डवर सोल्डर केलेली मेमरी चिप. साध्या एसएसडीपेक्षाही ती बरीच संथ असते. विंडोजचे अपडेट येत गेले की एवढी जागा भरते आणि तुम्हाला दिसतो तो रखडलेपणा सुरू होतो. त्याच स्टार्ट मेन्यूतून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा, ‘डिस्क ड्राइव्ह’ खाली जे मॉडेलचं नाव येईल ते उतरवून घ्या. रॅमसाठी सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’ आणि मग ‘अबाउट’. तिथे ८ जीबीपैकी साडेसात-पावणेआठच वापरायला उपलब्ध दिसत असेल तर गैर काही नाही. थोडी रॅम ग्राफिक्स घेतं.

हे सगळं एका सलग व्हिडिओत घ्या, मध्ये कॅमेरा बंद करू नका. सुरुवात लॅपटॉपच्या पाठीवरच्या स्टिकरपासून करा. सिरियल नंबर वाचता आला पाहिजे. मग लॅपटॉप सरळ करून चालू करा आणि वरच्या तिन्ही खिडक्या एकामागून एक दाखवा.

आता भाच्याबद्दल. यंत्र वॉरंटीत असताना, लेखी तक्रार नसताना, घरच्या कुणीही त्यात हात घालू नये. विंडोज पुसून टाकलं की ‘यांनीच छेडछाड केली’ म्हणायला समोरच्याला आयती संधी मिळते. तुमच्या बाबतीत एक गोष्ट सावरून घेते : चिप सोल्डर केलेली असेल, तर ती घरी बदलता येत नाही. डिस्क सुटी निघणारी असेल, तर मात्र ‘यांनी मूळ डिस्क काढून घेतली’ असा बचाव येऊ शकतो. त्याला उत्तर सिरियल नंबरमध्ये आहे. बऱ्याच कंपन्यांच्या सपोर्ट साइटवर तो टाकला की कारखान्यातून निघतानाचं कॉन्फिगरेशन दिसतं. त्याची प्रिंट घ्या. दिसत नसेल तर कंपनीला ईमेल करून विचारा. सर्व्हिस सेंटरला लॅपटॉप पुन्हा दाखवा आणि स्टोरेजचा प्रकार व क्षमता जॉबशीटवर, म्हणजे तपासणीच्या नोंदीच्या कागदावर, लिहून मागा. ‘हार्डवेअर ओके’ एवढंच लिहिलेल्या कागदावर सही करू नका, आणि तक्रार बंद करण्यासाठी ओटीपी मागितला तर देऊ नका.

खोक्याच्या लेबलवर मॉडेल, आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी असते, कित्येकदा रॅम-स्टोरेजही. ते तुम्ही भंगारात दिलंत. निदान ऑर्डरचं पान तरी जपा, कारण आता निकाल त्यावरच लागणार आहे. साइटवर ‘माझ्या ऑर्डर्स’ मध्ये जाऊन त्या ऑर्डरच्या ओळीत लिहिलेलं पूर्ण नाव वाचा. एकाच पानावर ४/६४, ८/२५६ (आधी रॅम, मग स्टोरेज) असे चार प्रकार विकायला असतात. तुमच्या ओळीत ८/२५६ लिहिलं असेल, तर बाजू भक्कम. ४/६४ लिहिलं असेल, तर तुम्ही तेच विकत घेतलंय आणि इथेच थांबा. ‘६४ जीबी, सोबत १ टीबी क्लाउड’ असं असेल तरीही तेच; क्लाउड म्हणजे इंटरनेटवरची जागा, लॅपटॉपमधली नव्हे. ते पान आणि जीएसटी बिल आजच पीडीएफ करून ठेवा. विक्रेता जाहिरात कधीही बदलू शकतो. या प्रिंट दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडा. आयोग पुराव्याच्या नियमांना काटेकोर धरून बसत नाही, पण आक्षेपाला जागा कशाला ठेवायची?

‘सात दिवसांची मुदत संपली’ या उत्तराने गप्प बसू नका. ती साइटची पॉलिसी आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे जाहिरातीत सांगितलेल्या गुणांशी न जुळणारी वस्तू परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. तरीही सात महिन्यांचं मौन तुमच्या विरोधात वापरलं जाईल. विक्री कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे, नाकारल्याचं न कळवता वाजवी काळ माल ठेवून घेतला तर तो स्वीकारला असं धरतात. फोन केलेत म्हणता, पण फोनचा पुरावा काय आहे? म्हणून आजच ईमेल : साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला, बिलावरच्या विक्रेत्याला आणि कंपनीला, एकच मजकूर. त्यात ‘स्लो’ हा शब्द शेवटी, आधी ‘ऑर्डरमध्ये २५६ जीबी एसएसडी, प्रत्यक्षात ६४ जीबी’. ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण, ही साइटवरची नियमांतली जबाबदारी आहे. सोबत १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवून डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्या. काही प्रकरणं तिथेच मिटतात. पण हेल्पलाइनकडे तक्रार केल्याने आयोगात जाण्याची मुदत थांबत नाही.

ही मुदत म्हणजे ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ६९ ची दोन वर्षं. चुकीची वस्तू मिळाली असेल तर ती डिलिव्हरीपासून धरा. शेवटच्या फोनपासून किंवा वॉरंटी संपल्यापासून मोजत बसू नका. तुमच्याकडे सतरा महिने आहेत, पण तेवढे वापरू नका.

महिन्यात काही झालं नाही, तर पंधरा दिवसांची नोटीस आणि मग साताऱ्याच्या जिल्हा आयोगात तक्रार. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करण्याचा हक्क कलम ३४ देतं. साइटच्या अटींत ‘फक्त बंगळुरूचं न्यायालय’ लिहिलं असलं तरी सहसा अडचण येत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, ऑनलाइन दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही. विक्रेता, साइट आणि कंपनी तिघांनाही सामील करा. ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ असं साइट म्हणेल. त्यावर आयोग वेगवेगळे निर्णय देतात, म्हणून एकाच पक्षावर विसंबू नका. मागणी किंमत परत, खर्च आणि माफक भरपाई एवढीच ठेवा. लाखभर मानसिक त्रासाचे मागून प्रकरण हलकं होतं.

कायदा म्हणतो, तपासणी नसेल तर तीन महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, कधी सदस्यांच्या जागाच रिकाम्या असतात. पंचवीस हजारांच्या वस्तूसाठी माणसाने दोन-दोन वर्षं हेलपाटे घालावेत ही संतापजनक गोष्ट आहे, आणि विक्रेते नेमके त्याच भरवशावर बसलेले असतात. प्रयोगशाळेची गरज न पडणारी तक्रार लिहा, असा आग्रह मी धरतोय तो म्हणूनच.

एक राहिलं. बिलावर एखाद्या दुकानाचा जीएसटी नंबर टाकलाय का, ते बघा. सेलमध्ये थोडी सूट मिळते म्हणून पुष्कळजण टाकतात. टाकला असेल, तर व्यापारी वापरासाठी घेतला, तुम्ही ‘ग्राहक’च नाही, असा आक्षेप कलम २(७) खाली येऊ शकतो. मुलाच्या शिक्षणासाठी घेतल्याचं दाखवता येईल, पण त्यासाठी कॉलेजच्या प्रवेशाची पावती जोडावी लागेल. ती आधीच शोधून ठेवा.