सुप्याचा क्लेम परत आलाय? आधी जीएसटी नंबर बघा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. भोसरीत जुना प्रेस शॉप (पत्रा दाबून भाग बनवायचं वर्कशॉप), पारनेर-सुपा एमआयडीसीत नवीन शेड, राज्य सरकारच्या सामूहिक प्रोत्साहन योजना २०१९ खाली पात्रता प्रमाणपत्र हातात, आणि पहिल्याच वर्षाचा आयपीएसचा (औद्योगिक प्रोत्साहन अनुदान, जे भरलेल्या एसजीएसटीवर म्हणजे राज्याच्या वाट्याच्या जीएसटीवर मोजतात) क्लेम "युनिटनिहाय एसजीएसटीचे विभाजन सादर करावे" असा शेरा मारून परत. वर तुमचे सीए म्हणतात, सुप्याचा पत्ता भोसरीच्या जीएसटी नंबरात "अतिरिक्त जागा" म्हणून जोडलाय, कायद्याने काही चुकलेलं नाही.

बरोबर आहे त्यांचं, कायद्याने चुकलेलं नाही. पण अनुदान तिथेच अडकतं. आमचेही सगळ्यात जास्त पैसे याच एका गोष्टीपायी गेले, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय. उद्यम नोंदणी, प्रमाणपत्राचा अर्ज वगैरे तुमचं झालेलंच आहे, ते सोडून देतो. मी सीए नाही. तुमच्या प्रमाणपत्रामागे छापलेल्या अटी अंतिम, माझं लिहिणं नाही.

ही योजना १९६४ पासून वेगवेगळ्या अवतारांत चालू आहे आणि तिचा मूळ हेतू मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यातली गर्दी बाहेर हलवण्याचा. पुणे महानगर प्रदेश योजनेच्या 'अ' गटात, म्हणजे आधीच विकसित भागात, म्हणून भोसरीच्या युनिटला आयपीएस नाही, सुप्याच्या युनिटला आहे. फाईल तपासणारा माणूस एकच शंका डोक्यात ठेवून बसलेला असतो: हा बाबा भोसरीचाच माल सुप्याच्या नावावर दाखवत तर नाही ना? एकाच जीएसटी नंबराखाली दोन्ही युनिटं असली की जीएसटीआर-३बी या रिटर्नमध्ये एकच आकडा दिसतो. त्यातला सुप्याचा किती, हे त्या रिटर्नवरून कुणालाच सांगता येत नाही. मग तुम्ही कितीही खरे असा.

पुढच्यासाठी उपाय सरळ आहे. सुप्याला वेगळा जीएसटी नंबर घ्या. एकाच पॅनवर एकाच राज्यात जागेनुसार वेगळी नोंदणी घ्यायची सोय १ फेब्रुवारी २०१९ पासून आहे (कलम २५, नियम ११). अर्ज नेहमीच्याच आरईजी-०१ मध्ये. भोसरीच्या नंबरातून सुप्याचा पत्ता काढायला आरईजी-१४, आणि तो बदल झाल्यापासून १५ दिवसांत टाकायचा असतो. आता क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट. सुप्यातल्या मशीनवर घेतलेलं जे क्रेडिट भोसरीच्या लेजरमध्ये शिल्लक आहे, ते नव्या नंबरावर न्यायला आयटीसी-०२ए हा फॉर्म आहे, आणि तो नवी नोंदणी मिळाल्यापासून ३० दिवसांतच भरावा लागतो. किती न्यायचं ते दोन्हीकडच्या मालमत्तेच्या किमतीच्या प्रमाणात ठरतं. नोंदणी मिळाल्याच्या आनंदात हे ३० दिवस निघून जातात आणि मग क्रेडिट भोसरीतच पडून राहतं. फॉर्म भरला की नव्या नंबराच्या लॉगिनमधून तो स्वीकारायलाही लागतो, ते विसरू नका. उद्यमचं मात्र उलट आहे. एका पॅनला एकच उद्यम, त्यातच सुप्याचं युनिट जोडायचं. दुसरं उद्यम काढून देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. (उद्यम नोंदणी फुकट आहे. पैसे मागणारी साइट सरकारी नाही.)

वेगळ्या नंबराचा एक त्रास सांगून ठेवतो, नंतर मला बोल लावू नका. भोसरीहून सुप्याला शीट (पत्रा), डाय (प्रेसचा साचा), अर्धवट माल पाठवलात की तो आता दोन वेगळ्या नोंदणीकृत व्यक्तींमधला व्यवहार. डिलिव्हरी चलनावर भागत नाही, टॅक्स इनव्हॉइस लागतो. घेणाऱ्याला पूर्ण क्रेडिट मिळत असेल तर बिलात लावलेली किंमतच बाजारभाव मानतात, त्यामुळे किमतीवरून वाद नाही. पण खेळतं भांडवल थोडं अडकतं. उलट्या दिशेला जास्त सावध राहा. सुप्यात तयार झालेला माल भोसरीला बिल करून तिथून चाकणच्या गिऱ्हाइकाला विकायचा मार्ग धरूच नका. आयपीएस पहिल्या विक्रीवर असतं, आणि पहिली विक्री स्वतःलाच केलेली दिसली की प्रश्न सुरू होतात. सुप्याचा माल सुप्याच्या बिलावर थेट गिऱ्हाइकाकडे गेला पाहिजे.

आता झालेल्या वर्षाचं काय. तुमचा क्लेम मेलेला नाही, पण पुराव्यावर उभा करावा लागेल. ज्या कार्यालयात आमची फाईल होती, तिथे एका वेळी एकच त्रुटी काढायचे. ती भरून दिली की महिन्याने दुसरी. तिसरी भरून दिली की पहिलीचा कागद सापडत नाही. तेव्हा तुम्ही सगळं एकदाच, पानांना क्रमांक घालून द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.

पुरावा म्हणजे काय? ई-वे बिल, म्हणजे मालाच्या वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा जीएसटीचा कागद. त्यात "बिल फ्रॉम" आणि "डिस्पॅच फ्रॉम" असे दोन वेगळे पत्ते असतात. तुमच्या माणसाने डिस्पॅचला सुपा टाकलं असेल तर अर्धं काम झालं. त्याने दोन्हीकडे भोसरीच टाकलं असेल (बहुतेक जण आळसाने तेच करतात), तर मग गेट पास, ट्रान्सपोर्टरची एलआर (माल घेतल्याची पावती) आणि गिऱ्हाइकाच्या जीआरएनवरचा (माल मिळाल्याच्या नोंदीवरचा) गाडी नंबर असं जुळवत बसावं लागेल. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाख रुपयांच्या खालच्या मालाला ई-वे बिल लागत नाही, त्यामुळे छोट्या बिलांना हाच आधार. ५ कोटींच्या वर उलाढाल असेल तर ई-इनव्हॉइसमध्येही डिस्पॅचचा पत्ता टाकता येतो, तोही काढून बघा.

मग एक्सेलमध्ये प्रत्येक बिलाची एक ओळ: बिल नंबर, तारीख, गिऱ्हाइकाचा जीएसटी नंबर, एचएसएन (मालाचा वर्गीकरण कोड), करपात्र रक्कम, एसजीएसटी, ई-वे बिल नंबर, डिस्पॅचची जागा. तळाची बेरीज विक्रीच्या रिटर्नशी, म्हणजे जीएसटीआर-१ शी, महिनावार जुळली पाहिजे. सुपा अधिक भोसरी बरोबर एकूण. एका रुपयाचाही फरक ठेवू नका, कारण फरक शोधायला त्यांना वेळ असतो. सोबत सुप्याचं उत्पादन रजिस्टर आणि महावितरणची बारा महिन्यांची बिलं. प्रेसच्या स्ट्रोकची (ठोक्यांची) संख्या आणि विजेच्या युनिटचा वापर एकमेकांशी पटला तर तपासणारा निम्म्या शंका सोडून देतो.

वेगळा नंबर येईपर्यंत निदान सुप्याची बिलांची मालिका आजच वेगळी करा. नियम ४६ एका आर्थिक वर्षात एकापेक्षा जास्त मालिका चालवू देतो, फक्त नंबर सोळा अक्षरांच्या आत हवा. "एसयूपी/२५२६/०००१" असं काहीतरी. टॅलीत व्हाउचर टाइप वेगळा केला की झालं, पाच मिनिटांचं काम.

तुमच्या पोस्टमध्ये एक ओळ सहज आलीय, "काही माल बंगळूरच्या ऑफिसच्या ऑर्डरवर चाकणला जातो". ही ओळ मला जीएसटी नंबराइतकीच खटकली. २०१९ च्या योजनेत आयपीएस मोजतात ते पात्र मालाच्या पहिल्या विक्रीवर भरलेल्या एकूण एसजीएसटीवर, आणि तो माल महाराष्ट्रातच, एकाच संस्थेला बिल होऊन त्याच संस्थेला पोचलेला हवा. बंगळूरच्या नंबरावर बिल आणि चाकणला डिलिव्हरी असेल तर आयजीएसटी (आंतरराज्य व्यवहारावरचा जीएसटी) कायद्याच्या कलम १०(१)(ब) प्रमाणे पुरवठ्याचं ठिकाण कर्नाटक. म्हणजे बिलावर आयजीएसटी. ट्रक रांजणगाव-शिक्रापूर करत चाकणला गेला, महाराष्ट्राची हद्द त्याने पाहिलीही नाही, आणि तुमच्या एसजीएसटीत एक पैसा जमा झाला नाही.

आकड्यात बघा. समजा सुप्याची महिन्याची विक्री २० लाख, दर १८ टक्के. एसजीएसटी ९ टक्क्यांनी १,८०,००० रुपये. त्यातली ८ लाखांची बिलं बंगळूरची निघाली तर ७२,००० गळाले. तुमच्या प्रमाणपत्रावर टक्का ४० असेल असं धरलं तर महिन्याला २८,८०० आणि वर्षाला ३,४५,६०० रुपये, तेही नुसत्या पत्त्यापायी. उपाय गिऱ्हाइकाच्या परचेसवाल्याशी बोलण्याचा: पीओ (खरेदीची ऑर्डर) चाकण प्लांटच्या महाराष्ट्रातल्या जीएसटी नंबरावरून काढून घ्या. मोठ्या कंपन्या बहुतेक वेळा ऐकतात, कारण त्यांनाही बंगळूरहून चाकणला पुन्हा बिल करण्याचा ताप वाचतो. असंच दुसरं प्रकरण टियर-वन वाल्यांचं, म्हणजे गाडीच्या कंपनीला थेट भाग पुरवणाऱ्यांचं. बिल भोसरीतल्या वेंडरला आणि माल थेट चाकणच्या लाइनवर. तिथे एसजीएसटी लागतो, पण बिल एकाला आणि माल दुसऱ्याला, म्हणून ती बिलंही बाजूला काढतात.

आणखी काय काय बाहेर पडतं तेही आधीच वजा करून टाका. स्क्रॅपच्या विक्रीवरचा एसजीएसटी धरू नका, स्क्रॅप हे तुमच्या प्रमाणपत्रावरचं उत्पादन नाही. प्रेस शॉपमध्ये हा आकडा छोटा नसतो. गिऱ्हाइकाची शीट घेऊन नुसती मजुरी लावलेली बिलंही नकोत, ती सेवा झाली, मालाची विक्री नव्हे. रिजेक्शनच्या क्रेडिट नोटांचा एसजीएसटी त्या त्या महिन्यात वजा. आणि प्रमाणपत्रावर "शीट मेटल ब्रॅकेट" लिहिलं असताना बिलावर "प्रेस पार्ट", "कॉम्पोनंट", "चाइल्ड पार्ट" असली मनाला येतील ती नावं घालू नका. कागदावरचं नाव आणि एचएसएन जसंच्या तसं बिलावर आलं पाहिजे. स्वतःच जास्तीचं वजा करून दिलेला क्लेम लवकर पास होतो, असं माझं मत आहे. फुगवलेला क्लेम कापून देत नाहीत, अख्खा परत करतात.

व्याज अनुदानाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. मुदत कर्जाच्या व्याजावर ५ टक्क्यांपर्यंत मिळतं, मात्र त्या वर्षी भरलेल्या वीजबिलाच्या रकमेपेक्षा जास्त नाही. ६० लाख कर्जावर ५ टक्के म्हणजे ३ लाख, पण वर्षाचं वीजबिल २ लाख ४० हजार असेल तर तेवढ्यावरच थांबायचं. म्हणून मीटर कुणाच्या नावावर आहे ते आज बघा. भाड्याच्या शेडमध्ये मीटर मालकाच्या नावाने असतं, बिल भरता तुम्ही, आणि कागदावर वीज वापरतो मालक. महावितरणकडे नावात बदल करून घ्या.

स्टॅम्प ड्यूटी माफीचं पत्र दस्त नोंदवण्याआधी हातात हवं. दस्त नोंदवून, ड्यूटी भरून मग पत्र मागत फिरणारे बरेच बघितलेत. तुमची वेळ गेलीय, पण शेजारच्या प्लॉटवाल्याला सांगा.

आलेल्या अनुदानावर आयकर लागतो, हे सीएंना विचारून ठेवा. २०१५ च्या वित्त कायद्यापासून सरकारी अनुदान उत्पन्नातच धरलं जातं, मालमत्तेच्या किमतीतून वजा होणारं सोडून. हातात पैसे आल्यावर "पुढच्या वर्षी दाखवू" चालत नाही.

एजंटांबद्दल माझं मत कडू आहे. मंजूर रकमेच्या टक्क्यावर काम करणारा माणूस क्लेम फुगवतोच, आणि सही तुमची असते. ठरावीक फी घेणारा बघा, नाहीतर तुमच्याच अकाउंटंटला दोन गुरुवार बसवा. गुरुवारी भोसरीत सुट्टी, सरकारी कार्यालयं उघडी, एवढी एक सोय पुण्याने आपल्याला दिलीय. फाईल कुठे अडलीय ते तोंडी कळत नसेल तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात टिपणीच्या प्रती मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. भांडायची भाषा नको, नुसत्या प्रती मागा.

आणि मंजुरी आली तरी पैसा निधी येईल तसा, हप्त्यांनी येतो. बँकेचा हप्ता त्याच्या भरवशावर ठेवलेला असेल तर आजच काढून घ्या.

एक्सेलचे रकाने समजले नाहीत तर इथेच विचारा. फक्त गिऱ्हाइकांची नावं आणि जीएसटी नंबर झाकून टाका.