जिबूती अमेरिका आणि चीन या दोघांनाही लष्करी तळ कसा काय देतो?

जागेच्या जोरावर, कारण ती जागा अमेरिका आणि चीन दोघांनाही सोडवत नाही. सुएझमार्गे आशिया-युरोप ये-जा करणारी जहाजं लाल समुद्राच्या दक्षिण टोकाच्या बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीतून जातात आणि पूर्व आफ्रिकेतला जिबूती तिच्या तोंडावरच बसलाय. १९७७ मध्ये फ्रान्सपासून स्वतंत्र झालेल्या या देशाची लोकसंख्या जेमतेम दहा लाखांच्या आसपास, शेती नावापुरती. विकण्यासारखं आहे ते बंदर आणि किनारा. फ्रान्सचं सैन्य आधीपासून होतंच. २००२ च्या सुमारास अमेरिकेने फ्रेंचांच्या जुन्या लेमोनिये तळावर बस्तान बसवलं. २०१४ च्या नव्या करारात भाडं वर्षाला सुमारे ६ कोटी डॉलरच्या पुढे गेलं. २०११ मध्ये जपान आला, २०१७ मध्ये चीन. अमेरिकेचा आणि चीनचा तळ एकाच शहराच्या परिसरात आहेत. इतके जवळ, की २०१८ मध्ये आपल्या वैमानिकांच्या डोळ्यांवर चिनी तळाकडून लेझर मारल्याची तक्रार अमेरिकेने केली होती (चीनने ती फेटाळली). तरीही करार कुणीच मोडला नाही, आणि माझ्या मते हीच जिबूतीच्या मुत्सद्देगिरीची कमाई आहे. इतके भाडेकरू असले की एकट्याची दादागिरी चालत नाही.

मात्र हा समतोल वाटतो तितका भक्कम नाही. बंदर आणि शेजारच्या इथिओपियाची राजधानी अदिस अबाबाकडे जाणारी रेल्वे यांसाठी चीनकडून घेतलेलं कर्ज मोठं आहे. शिवाय बंदराचा बहुतेक धंदा स्वतःचा समुद्रकिनारा नसलेल्या एकट्या इथिओपियाच्या मालावर चालतो, त्यामुळे इथिओपियाने दुसरं बंदर शोधायचं ठरवलं की जिबूतीची झोप उडते.